सकाळी ऑइलचा दिवा उशिरा का विझतो?

वाचकांचे प्रश्न, तंत्रज्ञांची उत्तरे. या वेळचे चारही प्रश्न जुन्या डिझेल इंजिनाच्या ऑइल प्रेशरबद्दलचे आहेत.

प्रश्न : माझी टर्बो डिझेल पिकअप साडेतीन लाख किलोमीटर चालली आहे. हंगामात निफाडहून पिंपळगावला द्राक्षे नेतो. सकाळी पहिल्या सेल्फला इंजिन सुरू होते, पण ऑइलचा लाल दिवा सात-आठ सेकंद तसाच राहतो आणि तेवढा वेळ वरच्या बाजूने खडखड येते. दिवा गेला की आवाजही जातो. मग दिवसभर काही त्रास नाही. ऑइल आणि फिल्टर दोन हजार किलोमीटरपूर्वी बदलले. गॅरेजवाले म्हणतात, बेअरिंग गेल्या, इंजिन बांधावे लागेल. दुसरे म्हणतात, थंडीमुळे होते. खरे काय समजावे? (निफाड)

उत्तर : इंजिन बांधायची घाई मुळीच करू नका. ‘मग दिवसभर काही त्रास नाही’ हे तुमचे वाक्य फार महत्त्वाचे आहे. प्रेशर उशिरा येणे हा एक आजार, प्रेशर कमी असणे हा दुसरा. बेअरिंग झिजल्या की त्रास दुपारी होतो. इंजिन तापून ऑइल पातळ झालेले असते, गाडी सिग्नलला उभी राहते आणि दिवा लुकलुकतो. सकाळी ऑइल घट्ट असल्याने झिजलेल्या बेअरिंगच्या फटीतूनही ते कमीच निसटते. तुमच्याकडे नेमके उलटे घडते आहे. बेअरिंगची झीज उशिरात थोडी भर घालेल, पण एवढ्या लक्षणावर क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) बाहेर काढायला कोणी सांगू नये.

थंडीचेही तसेच. निफाडचा पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो हे खरे, पण १५डब्ल्यू-४० या नेहमीच्या जाडीचे ऑइल पंपाने ओढले जाण्याची कसोटी उणे २५ अंशांवर घेतात. तेव्हा आपल्याकडची थंडी चांगल्या ऑइलला आठ सेकंद अडवू शकत नाही. अपवाद एकच : मुदतीच्या फार पुढे वापरल्याने काजळीने दाट झालेले ऑइल. तुमचे दोन हजार किलोमीटरचे आहे, म्हणून तोही प्रश्न नाही.

मग रात्रभरात होते काय? विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह गळका असला की पाइपातले पाणी खाली उतरते आणि सकाळी मोटर सुरू केल्यावर पंप बराच वेळ कोरडा फिरतो. इथे हुबेहूब तेच होते. फिल्टर, गॅलरी (इंजिनातले ऑइलचे रस्ते) आणि पंपातले ऑइल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळातल्या ऑइलच्या भांड्यात, उतरून जाते. पिकअपच्या फिल्टरमध्ये साधारण अर्धा ते पाऊण लिटर ऑइल मावते. तो भरल्याशिवाय पुढे टॅपेट, टर्बो, टायमिंग चेनचा टेन्शनर यांच्यापर्यंत प्रेशर पोहोचत नाही. तुम्हाला ऐकू येणारी खडखड बहुधा हायड्रॉलिक टॅपेटची किंवा टेन्शनर सैल राहिल्याने चेनची आहे. आवाज खालून, क्रँकच्या बाजूने, जड ठोक्यासारखा येत असेल तर मात्र गाडी चालवू नका, टो करून न्या.

आता ऑइल नेमके कुठून उतरते ते शोधू. पहिली तपासणी फुकटची आहे. मोबाइलवर असा व्हिडिओ घ्या की मीटरमधला दिवा दिसेल आणि इंजिनाचा आवाज ऐकू येईल. इंजिनाने पेट घेतल्यापासून दिवा विझेपर्यंतचे सेकंद मोजा. चार वेळा मोजायचे : रात्रभर उभी राहिल्यावर, गरम इंजिन दहा मिनिटे बंद ठेवून, एक तास ठेवून आणि चार तास ठेवून. आकडे कागदावर लिहा.

दहा मिनिटांनंतर एक सेकंद, तासाने दोन, चार तासांनी चार-पाच आणि सकाळी आठ, असा चढता क्रम आला तर ऑइल हळूहळू उतरते आहे. संशय फिल्टरमधल्या, ऑइल मागे उतरू न देणाऱ्या रबरी झडपेवर किंवा ब्लॉकमधल्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर. तासानंतरही सकाळइतकाच उशीर लागला तर झडप फाटलेली आहे किंवा मुळात नाहीच. दहाच मिनिटांत पाच-सहा सेकंद लागू लागले तर फिल्टर सोडा. पंप हवा ओढतो आहे, पंपाचे गिअर झिजले आहेत किंवा जादा प्रेशर सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे. या चार आकड्यांनी अर्धे निदान होते, तरी बहुतेक गॅरेजमध्ये ही मोजणी कोणी करत नाही.

दुसरे काम, साधा मेकॅनिकल गेज लावणे. दिव्याचा स्विच बहुतेक गाड्यांत ०.३ ते ०.६ बारच्या (बार हे दाबाचे माप) आसपास सुटतो, म्हणजे दिवा विझला याचा अर्थ प्रेशर पुरेसे आले असा होत नाही. ० ते १० बारचा गेज, ऑइलला टिकणारी नळी आणि तुमच्या स्विचच्या आट्याचा अडॅप्टर एवढेच लागते. अडॅप्टर बाजारात मिळाला नाही तर जुना स्विच नमुन्याला घेऊन जा, नाशिकच्या अंबड किंवा सातपूरला कोणताही टर्नर लेथवर करून देईल. आटे अंदाजाने चढवू नका. ब्लॉकमधले आटे गेले तर नवे दुखणे मागे लागेल. नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब बांधा.

थंड इंजिनाला आयडलवर (रेस न देता) ३ ते ४ बार दिसणे चांगले. पूर्ण तापल्यावर आयडलला साधारण १ बार आणि २००० आरपीएमला दोन-अडीच बारच्या वर असावे. मेकॅनिकच्या भाषेत सांगायचे तर गरम इंजिनाला एक किलो आणि रेस दिल्यावर अडीच. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. काटा उशिरा हलला पण एकदम वर जाऊन स्थिरावला, तर ऑइल उतरण्याचीच अडचण आहे. काटा वर जाताना थरथरत असेल तर ऑइलमधून हवा जाते आहे. आणि थंड इंजिनाला २००० आरपीएमवरही काटा दोन बारच्या वर सरकत नसेल तर रिलीफ व्हॉल्व्ह किंवा पंप.

तिसरे, फिल्टर. त्रास फिल्टर बदलल्यानंतर सुरू झाला का, हे आठवून पाहा. तसे असेल तर पहिला संशयित तोच. सकाळी सेल्फ मारण्याआधी खाली ट्रे धरून फिल्टर खोला. फिल्टर आडवा किंवा तोंड खाली करून बसणारा असेल तर पीळ सुटताच भळाभळा ऑइल आले पाहिजे. चार थेंब आले तर तो रात्रीतून रिकामा झाला आहे. तोंड वर करून बसणारा फिल्टर झडप खराब असतानाही भरलेलाच राहतो, त्यामुळे तो भरलेला दिसला तर शोध पंपाकडे न्या.

खोललेल्या फिल्टरच्या तोंडाकडे उजेडात नीट पाहा. मधल्या आट्याच्या भोकाभोवती लहान भोकांचे कडे असते आणि त्या भोकांच्या आत रबराची चकती दिसते, हीच ती झडप. काडेपेटीतल्या काडीच्या बोथट टोकाने ती हलकेच दाबा. चांगले रबर दबते आणि सोडताच पुन्हा भोकावर येऊन बसते. कडक झालेले दबत नाही. कधी त्याची कड लाटेसारखी वर उचललेली असते. स्वस्त फिल्टरमध्ये हे रबर साध्या प्रतीचे असते, गरम ऑइलमध्ये काही महिन्यांत ताठ होते. सिलिकॉनचे जास्त टिकते. डुप्लिकेट फिल्टरमध्ये कधी चकतीच नसते, बाहेरून मात्र डबा आणि छाप हुबेहूब. म्हणून फिल्टर अधिकृत दुकानातूनच घ्या आणि बिल ठेवा.

तुमच्या इंजिनाला डब्याऐवजी कागदी काडतूस फिल्टर असेल तर झाकणाच्या आत निघालेल्या दांड्याच्या टोकाची छोटी ओ-रिंग तपासा. फिल्टर बदलताना मोठी ओ-रिंग सगळे बदलतात, ही छोटी मात्र जुनीच राहते किंवा बसवताना कापली जाते. तेवढ्याने रात्रभरात सगळे हाउसिंग रिकामे होते. नवा फिल्टर तोंड वर करून बसणारा असेल तर आधी ऑइलने भरा, पण ऑइल बाहेरच्या लहान भोकांतून ओता. मधल्या भोकातून ओतलेले ऑइल न गाळता थेट बेअरिंगवर जाते.

नवा खात्रीचा फिल्टर बसवून दोन सकाळी पुन्हा मोजा. दोन ते चार सेकंदांवर आले तर काम झाले.

नाहीच आले, तर ओढण्याची बाजू. पंपाला चेंबरमधून ऑइल देणाऱ्या नळीच्या जोडावर ओ-रिंग किंवा पॅकिंग असते. इतक्या किलोमीटरनंतर ती दगडासारखी होते आणि पंप ऑइलबरोबर हवाही ओढू लागतो. चेंबर न उघडता एक चाचणी होते : ऑइल मोजण्याच्या कांडीवर मॅक्स रेषेच्या वर अर्धा ते एक लिटर जादा ऑइल भरून रात्रभर गाडी ठेवा आणि सकाळी वेळ मोजा. उशीर एकदम घटला तर गळका जोड ऑइलखाली बुडाला म्हणून फरक पडला. ही चाचणी फक्त आयडलवर, मिनिटभराचीच. त्या जादा ऑइलवर गाडी अजिबात रस्त्यावर नेऊ नका. क्रँक ऑइलवर आपटून फेस होतो आणि ऑइल ब्रीदरमधून इनटेकमध्ये गेले तर डिझेल इंजिन स्वतःचेच ऑइल जाळत सुसाट सुटू शकते. चाचणी झाली की जादा ऑइल लगेच काढा. फरक पडला नाही म्हणून जोड निर्दोष ठरत नाही. तो बराच उंचावर असेल तर एवढ्या ऑइलने बुडणार नाही.

यानंतरच चेंबर खोलायचा, आणि खोलला की एकाच वेळी सगळे पाहून घ्यायचे. स्ट्रेनरच्या जाळीत काळा गाळ आणि त्याबरोबर सिलिकॉनचे तुकडे सापडणे अगदी नेहमीचे. मागच्या वेळी चेंबर बसवताना सिलिकॉन भरमसाट लावले की आतल्या बाजूला आलेली वळकटी तुटून जाळीवर बसते. तुम्ही बसवताना तीन मिलिमीटरची सलग धार पुरे, ऑइल भरण्याआधी ती सुकू द्या. ओढणाऱ्या नळीची ओ-रिंग डोळे झाकून नवी टाका. रिलीफ व्हॉल्व्हचा प्लंजर बोटाने सरकवून पाहा. तो अडखळत असेल, त्यावर ओरखडे असतील किंवा खाली धातूचा कण अडकला असेल तर तोही दोषी. स्प्रिंग ताणून किंवा खाली वॉशर घालून प्रेशर ‘वाढवण्याचा’ उपाय करू देऊ नका.

पंपाचे कव्हर काढून सरळ पट्टी आडवी ठेवा आणि गिअर व पट्टी यांच्यामधली फट फिलर गेजने मोजा. ०.१० मिलिमीटरच्या आत असेल तर पंप ठीक, ०.१५ च्या पुढे असेल तर बदला. इथेही मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. पंप चेंबरमध्ये बुडालेला असेल तर तो सहसा कोरडा पडत नाही. क्रँकच्या नाकावर बसणारा पंप ऑइलच्या पातळीच्या वर असतो आणि त्याला ही झीज जास्त भोवते. परत बसवताना गिअरच्या पोकळीत पेट्रोलियम जेली भरा म्हणजे पहिल्याच फेऱ्यांत पंप ऑइल पकडेल. ग्रीस भरू नका, ते सहज विरघळत नाही आणि फिल्टर तुंबवते.

चेंबर उघडाच आहे तर एक-दोन बिगएन्ड बेअरिंग (कनेक्टिंग रॉडच्या क्रँकवर बसणाऱ्या टोकाच्या) सोडून पाहा. राखाडी थर सलग असेल तर तीच शेल (बेअरिंगची अर्धगोल पट्टी) त्याच जागी, त्याच दिशेने बसवा आणि बोल्ट टॉर्क रेंचने आवळा. कंपनीने ते बोल्ट एकदाच वापरायचे सांगितले असतील तर नवे घ्या. थर उडून तांबूस धातू उघडा पडला असेल तर गॅरेजवाल्यांचे म्हणणे त्या मर्यादेत खरे. पण ते शेल पाहून ठरवायचे, सकाळच्या आवाजावरून नाही.

दुरुस्ती होईपर्यंत सकाळी सुरू केल्यावर ॲक्सिलरेटरला पाय लावू नका. टर्बोची दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते, तिला ऑइल पोहोचायच्या आत रेस दिली तर तिची बेअरिंग आधी जाते. दिवा विझल्यावर अर्धा मिनिट आयडलवर ठेवा. दहा सेकंदांत विझला नाही तर इंजिन बंद.

प्रश्न : इंजिन जुने झाले म्हणून १५डब्ल्यू-४० ऐवजी २०डब्ल्यू-५० टाका, प्रेशर वाढेल, असा सल्ला मिळाला. टाकावे का? (चांदवड)

उत्तर : गेजवरचा आकडा वाढेल, झीज भरून निघणार नाही. गरम ऑइल जाड राहिल्याने आयडलचे प्रेशर थोडे वर दिसते आणि खरा दोष झाकला जातो. सकाळी मात्र हेच ऑइल जाळीतून आणि बारीक नळ्यांतून सावकाश जाते, म्हणजे उशिराचा त्रास असेल तर तो किंचित वाढतोच. कंपनीच्या पुस्तकात तुमच्याकडच्या तापमानासाठी २०डब्ल्यू-५० मान्य असेल तरच विचार करा. नाही तर १५डब्ल्यू-४०, पुस्तकात दिलेल्या दर्जाचे, आणि बदलण्याची मुदत कमी ठेवा.

एक इशारा. आत खूप गाळ असलेल्या जुन्या इंजिनात इंजिन-फ्लश ओतू नका. सुटलेला गाळ थेट जाळीवर येऊन बसतो आणि उशिरा येणारे प्रेशर येईनासेच होते. त्यापेक्षा चांगले ऑइल दर तीन हजार किलोमीटरला, असे दोन-तीन वेळा बदला. गाळ जास्त असेल तर चेंबर उतरवून हाताने साफ करा.

प्रश्न : कसारा घाट भरल्या गाडीने चढून वर चहाला थांबलो की आयडलवर ऑइलचा दिवा लुकलुकतो. रेस दिली की जातो. सकाळी मात्र दिवा लगेच विझतो. सेन्सर बदलला, फरक नाही. ऑइल कमी होत नाही, उलट कांडीवर थोडे वाढलेलेच दिसते. (घोटी)

उत्तर : निफाडच्या वाचकांचा आजार पहिला, प्रेशर उशिरा येण्याचा; तुमचा दुसरा, प्रेशर कमी असण्याचा. आणि तुमचा जास्त तातडीचा आहे.

कांडीवर ऑइल वाढणे कधीच चांगले नसते. कांडीचा वास घ्या, डिझेलचा येतो का. कांडीवरचा एक थेंब पांढऱ्या टिश्यू पेपरवर सोडून तासभर ठेवा. मधल्या काळ्या डागाबाहेर पातळ, तेलकट, पारदर्शक कडे पसरले तर डिझेल मिसळले आहे. गळके इंजेक्टर, टॅपेट कव्हरखालून जाणारी डिझेलची गळकी नळी, जुन्या इंजिनात फीड पंपाचा फाटलेला पडदा किंवा इंजेक्शन पंपाचे सील, ही त्याची ठिकाणे. तुमची गाडी एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ असेल तर सायलेन्सरमधला फिल्टर जाळून साफ होताना, विशेषतः ती क्रिया अर्धवट तुटत राहिली की, डिझेल ऑइलमध्ये उतरते. वास नसेल आणि ऑइल दुधट दिसत असेल तर त्यात पाणी गेले आहे. मग हेड गॅस्केट आणि ऑइल कूलर तपासायचे.

डिझेल मिसळले असेल तर आधी गळती बंद करा, मग ऑइल-फिल्टर बदला आणि पुन्हा गेज लावून घाट चढल्यानंतरचे प्रेशर पाहा. ऑइल बदलून गळती तशीच ठेवली तर आठवड्यात पुन्हा तेच. नव्या, घट्ट ऑइलवरही गरम आयडलला अर्ध्या बारच्या खाली काटा येत असेल तर बेअरिंगच. चेंबर उतरवून मेन आणि बिगएन्डची फट प्लास्टिगेजने (फटीत दाबून मोजण्याच्या प्लास्टिकच्या धाग्याने) मोजून घ्या. ०.०३ ते ०.०८ मिलिमीटर साधारण चालते, ०.१० च्या पुढे झीज धरा. तोपर्यंत भरल्या गाडीने घाट नको.

प्रश्न : आमच्या पॅकहाउसचा डिझेल जनरेटर हंगाम संपला की महिनोन्‌महिने उभा असतो. लाइट गेली की एकदम सुरू करावा लागतो आणि तेव्हा प्रेशर यायला बारा-पंधरा सेकंद लागतात. बिघाड समजावा का? (दिंडोरी)

उत्तर : इतके दिवस उभ्या इंजिनातून ऑइल उतरणारच, म्हणून हा लगेच बिघाड म्हणता येत नाही. पण कोरडे सुरू होण्याने दर वेळी बेअरिंगचा थोडा थोडा थर जातो. सुरू करण्याआधी डिझेल तोडून सेल्फवर ऑइल चढवा. स्टॉप सोलेनॉइडवाले इंजिन असेल तर त्याची वायर काढा. सोलेनॉइड दोन प्रकारचे असतात, करंट मिळाल्यावर डिझेल सोडणारे आणि करंट मिळाल्यावर ते तोडणारे, म्हणून वायर काढल्यावर इंजिन पेट घेत नाही याची खात्री करा. दहा सेकंद सेल्फ, मिनिटभर विश्रांती, असे काटा हलेपर्यंत. सलग सेल्फ मारला तर सेल्फ जळेल.

कॉमन रेल इंजिनात सगळ्या इंजेक्टरचे कनेक्टर काढून हेच करता येते. फॉल्ट कोड पडेल, तो नंतर स्कॅनरने पुसा. रेल पंपावरच्या मीटरिंग व्हॉल्व्हचा कनेक्टर मात्र काढू नका. काही पंपांत तो सुटला की डिझेलचा पुरवठा बंद व्हायच्या ऐवजी पूर्ण उघडतो.

हंगामाबाहेरही महिन्यातून एकदा जनरेटर अर्धा तास चालवा, तोही लोड देऊन. क्षमतेच्या किमान एक तृतीयांश. नुसता रिकामा फिरवला तर इंजिन पुरते तापत नाही, ऑइलमधली वाफ उडत नाही आणि न जळलेले डिझेल सायलेन्सरमध्ये साचते. तास भरले नसले तरी ऑइल आणि फिल्टर वर्षातून एकदा बदला, हंगाम सुरू होण्यापूर्वी नव्हे तर संपल्या संपल्या. वापरलेल्या ऑइलमधले आम्ल उभ्या इंजिनात महिनोन्‌महिने बेअरिंगवर बसून राहते. दरमहा सुरू करूनही पंधरा सेकंद लागत असतील तर वर सांगितलेला फिल्टर आणि ओढणाऱ्या नळीचा जोड तपासायला घ्या.